मुरबाडचा निळा

मे महिन्यात मी मुरबाडला निघालो आहे म्हटल्यावर बार्शीतल्या मित्रांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. त्यांचं चुकलं नाही. त्या बाजूला लोक पावसाळ्यात धबधबे पाहायला जातात, हिवाळ्यात माहुलीचा किल्ला चढायला जातात. धरणंही आहेत. त्यांचं पाणी मुंबईला जातं, पण पाहायचं असेल तर इकडेच यावं लागतं. मे महिन्यात मात्र तिकडे जाण्यासारखं काहीच नाही. मी गेलो तो भाचीचा फोन आला म्हणून.

भाचीचं नाव अरुंधती, घरात अरू. मुरबाडच्या एका कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात द्रवस्फटिकांवर संशोधन करते. फोनवर तिने सरळ मुद्द्यालाच हात घातला.

"मामा, सोमवारी कमिटी येतेय. माझा मायक्रोस्कोप शहरातल्या कॉलेजात न्यायचा म्हणतायत. तुम्ही या."

"मी येऊन काय करू? मला त्यातलं काय कळतं?"

"कळायला नकोय. आईला बोलावलं तर ती रडेल, बाबा भांडतील. तुम्ही नुसते बसाल. कार्यक्रमात न झोपता बसणारा तुमच्याइतका दुसरा माणूस मला माहीत नाही."

ही कीर्ती कष्टाने मिळवलेली आहे. मी सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी केली. वाचनाचं महत्त्व सांगणारी भाषणं मी इतकी ऐकली आहेत की तेवढ्या वेळात निम्मं ग्रंथालय वाचून झालं असतं. बॅग भरली आणि निघालो.

किन्हवली

आसनगावला उतरून शहापूर गाठलं आणि तिथून जीपने किन्हवली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणीनंतर मोकळी पडलेली भातखाचरं होती. राब भाजून काळे केलेले चौकोन त्यांच्यात ठिगळांसारखे दिसत होते. आमच्याकडे उन्हाळ्यात जमीन भेगाळते, इथे ती आधी भाजून घेतात. रोपं टाकायची जागा पालापाचोळा, शेण घालून जाळायची ही पद्धत मी पुस्तकात वाचली होती. पुस्तकात तिचा वास नव्हता.

अरू किन्हवलीत जनाकाकूंच्या घरी दोन खोल्या घेऊन राहते. काकूंची भातशेती आहे आणि त्यांचे यजमान कसाऱ्याला रेल्वेत कामाला आहेत, त्यामुळे घरावर सत्ता काकूंचीच. त्यांनी मला दारातच तपासून घेतलं.

"आलाव का मामा? बसा, पानी घ्या. तुमचेकडं म्हनं पाऊस पडतच नाय?"

"पडतो. आम्ही पेपरात वाचतो."

काकू हसल्या आणि माझा मुक्काम मंजूर झाला.

जेवायला तांदळाची भाकरी, सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी घातलेलं वांगं आणि कैरीचा ठेचा. आमची ज्वारीची भाकरी मोडली की आवाज होतो. ही भाकरी घडी घालून खिशात ठेवता आली असती. आमच्या बाजूला शेंगदाण्याचं कूट जसं न बोलावता प्रत्येक भाजीत शिरतं, तशी इथे सुकट शिरते. पहिल्या घासाला मी जरा सावध होतो. तिसऱ्या भाकरीला काकूंनी विचारलंसुद्धा नाही, थेट वाढली.

जेवण झाल्यावर अरूची खोली पाहिली. अर्ध्या खोलीत पेंढ्यावर आंब्यांची आढी लावलेली होती, ती काकूंची. उरलेल्या अर्ध्यात पुस्तकं आणि लाकडाची एक आंब्याची पेटी, ती अरूची. पेटीत भाताचं तूस ठासून भरलेलं होतं.

"हे पण आंबे?"

"नाही. हा माझा कूलर," अरू म्हणाली. मग स्वतःच सुधारलं, "म्हणजे हळू कूलर. तुसात गरम वस्तू पुरली की ती फार सावकाश निवते. मला सावकाशच हवंय. वीज असली तर तापवायचं-निववायचं मशीन ते करतं. नसली तर ही पेटी."

"तूस आमचा नि नाव तिचा," काकू दारातून म्हणाल्या. "छापून आला तं आमचंपन नाव घाल गो."

"घालीन ना काकू."

"ती मागंपन असाच बोलली होती, मामा."

अरूने मग फोनवर एक फोटो दाखवला. काळ्या पार्श्वभूमीवर निळ्या रंगाचे बारीक तुकडे, एकमेकांना चिकटून बसलेले. मला ते एखाद्या महालातल्या फरशीसारखे वाटले. काकूंनी मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "खंड्याचा पंख हाय ह्यो."

अरू खूश झाली. खंड्या पक्ष्याच्या पंखात निळा रंग नसतोच, असं तिने सांगितलं. पंख कुटून पूड केली तर ती मळकट तपकिरी निघते. निळं दिसतं ते आतल्या रचनेमुळे. तिच्या काचेवरचा निळाही तसाच होता, रंगाविना आलेला.

"म्हंजे हाय पन नाय," काकू म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

मुरबाड

शनिवारी सकाळी अरूबरोबर तिच्या कॉलेजात गेलो. सरळगावच्या नाक्यावर डोंगरातल्या पाड्यांवरून आलेल्या बायका पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं विकायला बसल्या होत्या. एक द्रोण घेतला आणि कॉलेज येईपर्यंत सदऱ्यावर जांभळे डाग पाडून घेतले. संशोधकाच्या मामाने प्रयोगशाळेत जाताना कसं दिसावं, याबद्दल निश्चित नियम नाहीत.

प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. एका भिंतीला बेसिन, दुसरीला बाटल्या आणि खिडकीजवळ टेबलावर पांढऱ्या कापडाखाली तो मायक्रोस्कोप. अरूने कापड काढलं ते, आमच्याकडे देवाच्या मूर्तीवरचं सोवळ्याचं वस्त्र काढतात तसं, दोन्ही हातांनी. त्याला ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक म्हणतात. वर एक आणि खाली एक अशा दोन चकत्या असतात. साध्या पाण्याचा थेंब त्यांच्यामध्ये ठेवला तर सगळं काळं दिसतं. द्रवस्फटिक ठेवला की रंग दिसतात.

"पण द्रवस्फटिक म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हसा गावची जत्रा ऐकलीयत? इथून जवळच भरते. पाणी म्हणजे जत्रा संपल्यावरची गर्दी, ज्याला जिकडे वाटेल तिकडे तोंड. बर्फ म्हणजे शाळेतली कवायत, कोणी हलायचं नाही. द्रवस्फटिक म्हणजे जत्रेत देवळाकडे निघालेली गर्दी. सगळे हलतायत, पण तोंडं एकीकडे. तुमच्या घड्याळात, कॅल्क्युलेटरमध्ये हेच असतं."

तिचा पदार्थ कोलेस्टेरॉलपासून बनवलेला होता. डॉक्टरने मला जे बंद केलं आहे त्यावर भाचीचं करिअर उभं आहे, हे ऐकून मला बरं वाटलं. या विषयाची सुरुवातही तशीच झाली म्हणे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका वनस्पतिशास्त्रज्ञाने गाजरातून काढलेल्या पदार्थापासून काहीतरी बनवलं. ते वितळवून निववताना त्याला क्षणभर निळी झाक दिसली, आणि तेव्हापासून माणसं त्या झाकेच्या मागे आहेत. अडचण एवढीच की ती टिकत नाही. पदार्थ थोडा गरम असला तर सगळं काळं, थोडा निवला तर पांढरट धूसर पट्टे. मधे जेमतेम एका अंशापुरता निळा.

"बघा आता," अरू म्हणाली. तिने काच तापवली आणि मला भिंगाशी बसवलं. मी पाहत राहिलो. काळं, काळं, काळं. मग मला शिंक आली.

डोळा परत लावला तेव्हा पांढरट पट्टे पसरलेले होते.

"गेला," अरू म्हणाली.

"पुन्हा दाखव."

दुसऱ्यांदा दिसला. काळ्यात एकदम निळे कण उमटले, जवळ सरकले आणि मी "आला" म्हणेपर्यंत विझले. उगाच वाईट वाटलं.

अरूचं सगळं काम त्या विझण्यावर होतं. वाळूतली सिलिका अतिशय बारीक करून, तिच्या कणांना एक लेप देऊन, ती ते कण द्रवस्फटिकात मिसळते. हेच ते नॅनोकण. रचनेत जिथे जिथे फट राहते तिथे हे कण जाऊन बसतात आणि ती मोडायला उशीर होतो. निळा बराच निवेपर्यंत टिकतो. निदान टिकतो असं तिचं म्हणणं. हे सिद्ध करायला तिला मायक्रोस्कोप लागतो, आणि तो न्यायला सोमवारी कमिटी येणार होती. मायक्रोस्कोप तिच्याच प्रकल्पातून आलेला, पण मालकी संस्थेची. 'शहरात अधिक उपयोग होईल' असं संस्थेच्या अध्यक्षांचं मत पडलं होतं.

"याचा उपयोग काय, असं विचारतील," मी म्हणालो.

"विचारू देत. एखादं सेन्सर होईल, एखादा पडदा होईल. खरं सांगू? मला अजून माहीत नाही. आधी तो टिकतो का ते तर बघू दे."

ग्रंथालयातही लोक मला विचारायचे की पुस्तकं वाचून होतं काय. इतकं सरळ उत्तर मला कधी सुचलं नाही.

शहापूर

रविवारी शहापूरच्या बाजारात. अरूने एका लेथवाल्याकडे काचा ठेवून तापवायचा पितळी ठोकळा करायला दिला होता. जुन्या ठोकळ्यावर एकच काच मावे, तिला दोन शेजारी शेजारी हव्या होत्या. एक साधा द्रवस्फटिक, एक नॅनोकणांचा. दोघांना एकच उष्णता, एकच निवणं. नवरा-नवरीला एका पाटावर बसवावं तसं.

लेथवाला सापगावचा. हातातला ठोकळा फिरवत म्हणाला, "मॅडम, खलबत्ता करताव का काय? एवढा जाड कशाला?"

"जाड असला की उशिरा निवतो."

"आमचे सासऱ्यांवानी," तो म्हणाला आणि प्रकाश जाण्यासाठी दोन भोकं पाडून दिली.

बाजारातून ताडगोळे घेतले. ते सोलायची माझी पहिलीच वेळ होती. पाणी उडून करवंदाच्या डागांशेजारी त्यांचेही डाग पडले. जीपमध्ये अरूने सोमवारचा बेत सांगितला. सकाळी काचा मशीनवर गरम ठेवायच्या. पाहुणे आले की त्यांच्यासमोर निववायच्या.

"आणि ही तुसाची पेटी कशाला घेतेस बरोबर?"

"सोमवारी वीज जाणार, मामा."

"कशावरून?"

"पाहुणे येणार आहेत ना."

पुन्हा मुरबाड

सोमवारी संध्याकाळी मी परतणार होतो, म्हणून बॅग घेऊनच कॉलेजात गेलो. आवारात शिरलो आणि पहिल्यांदा दिसला तो टेम्पो. मागचं फळकूट उघडं, आत नवी कोरी गादी अंथरलेली, बाजूला दोरखंड. चालक सावलीत विडी ओढत होता. त्याचं नाव दिनेश, राहणार कल्याण.

"काय न्यायला आलात?" मी विचारलं.

"एक मशीन हाय. नाजूक हाय बोलले, म्हणून गादी टाकली. माझे लग्नातली हाय. टेन्शन नाय."

अरू गादीकडे एकदा पाहून जिन्याखालच्या खोलीकडे निघाली. पाहणी अजून व्हायची होती, निकाल मात्र कल्याणहून गादीसकट आला होता.

पाहुणे दोन तास उशिरा आले. ढोल वाजला, ओवाळणी झाली. अध्यक्षांबरोबर गाडीतून एक सडपातळ वृद्ध गृहस्थ उतरले. ते बाहेरच्या विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक, कमिटीतले तज्ज्ञ. हारात त्यांचं नाक तेवढं दिसत होतं. त्यांनी विचारलं, "प्रयोगशाळा कुठे आहे?" प्राचार्य म्हणाले, "आधी सत्कार आहे, सर." तज्ज्ञांनी एकदा घड्याळ पाहिलं. मला ते लगेच आवडले.

सभागृहाच्या सगळ्या खिडक्यांवर स्वागताचे फ्लेक्स लावलेले होते, त्यामुळे भर दुपारी आत ट्यूबलाइट लागल्या होत्या. मी पहिल्या रांगेत न झोपण्यासाठी बसलो. अरू प्रयोगशाळेत काचांपाशी थांबली. शाली झाल्या, नारळ झाले, परिचय झाले. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि "आजचं युग हे विज्ञानाचं युग आहे" या वाक्याला वीज गेली.

अशा वेळी सामान्य माणूस खाली बसतो. अध्यक्षांनी खिशातून फोन काढला, त्याचा टॉर्च लावला, भाषणाच्या कागदांवर धरला आणि त्या युगाबद्दल बोलणं चालू ठेवलं.

मी हळूच उठलो आणि जिन्याखाली गेलो. अरूने मशीनवरचा ठोकळा कापडात धरून तुसाच्या पेटीत पुरला होता. थर्मामीटरची दांडी तेवढी वर आलेली होती.

"निवायला लागलाय," ती म्हणाली. "किती बोलतील?"

"कागद जाड होते."

"मामा, हा थांबणार नाही. पेटी फक्त हळू करते. परत तापवायला वीज नाही, आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवला तर एका बाजूने जळेल. ते येईपर्यंत टिकला तर टिकला."

मी परत जाऊन बसलो. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' हे नॅनोबद्दल म्हणून झालं होतं. मग संस्थेचा इतिहास सुरू झाला, त्यात अध्यक्षांचे वडील आले, वडिलांची सायकल आली. आयुष्यात मी कितीतरी भाषणं ऐकली, पण एकेका वाक्याने काहीतरी थंड होत चाललंय, असं प्रत्यक्षात तेव्हाच घडत होतं. सायकल एका ओढ्यातून पार झाली. वडील कल्याणला पोहोचले. मी पुन्हा जिन्याखाली गेलो.

"साधा गेला," अरू म्हणाली. तिने ठोकळा क्षणभर काढून फोनच्या उजेडात मायक्रोस्कोपखाली पाहिला होता. "पांढरे पट्टे. केव्हाच."

"आणि दुसरा?"

"बघायची भीती वाटते. उघडला की अजून निवतो." मग थोड्या वेळाने म्हणाली, "गादी चांगली आहे हो त्यांची."

शेवटी टाळ्या ऐकू आल्या. सगळी मिरवणूक जिन्याखाली आली आणि दारातच अडकली, कारण खोलीत चार माणसंच मावतात. प्राचार्य म्हणाले, "वीज नसल्यामुळे प्रात्यक्षिक होऊ शकणार नाही. आपण चहाकडे वळू या."

"पेटीत काय आहे?" तज्ज्ञांनी विचारलं.

"तूस," अरू म्हणाली.

"तूस!" अध्यक्ष हसले. त्यांच्या मागचे लोक थोडे उशिरा हसले.

तज्ज्ञ हसले नाहीत. त्यांनी गळ्यातला हार काढून माझ्या हातात दिला आणि स्टूल ओढलं. "उजेड पाहिजे."

अरूच्या फोनची बॅटरी मघाच्या उजेडापायी उतरलेली. माझा फोन बटणांचा, त्याच्या उजेडात कुलूपही सापडत नाही. तज्ज्ञांनी हात पुढे केला. "अध्यक्षमहाराज, आपला द्या. आत्ता चांगला चालला होता."

अध्यक्षांना नाही म्हणता येईना. त्यांचा फोन टॉर्च वर करून मायक्रोस्कोपखाली ठेवला गेला. अरूने तुसातून ठोकळा काढला, वर ठेवला. तिच्या हाताला तूस चिकटलेलं होतं. तज्ज्ञ आधी डावीकडच्या काचेवर वाकले.

"पट्टे," ते म्हणाले.

मग उजवीकडच्या काचेवर. ते इतका वेळ वाकून राहिले की मला दोरखंडाचा आवाज ऐकू येऊ लागला. नंतर कळलं, दिनेश खरोखरच तो उलगडत होता.

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन वाजला. मायक्रोस्कोपच्या पायाखाली तो जोरात थरथरू लागला, सोबत भक्तिगीत. अध्यक्षांनी हात पुढे केला.

"हात लावू नका!" तज्ज्ञ डोळा न काढता ओरडले.

फोन पूर्ण वाजून थांबला.

"थरथरला," तज्ज्ञ म्हणाले. "पण गेला नाही. थर्मामीटर वाचा, मॅडम."

अरूने वाचला. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "वीज जाऊन किती वेळ झाला?"

"सरांच्या भाषणाएवढा," अरू म्हणाली. यात टोमणा नव्हता. तिच्याकडे तेवढंच माप होतं.

"पूर्ण भाषणाएवढा?"

"वडिलांच्या सायकलसकट," मी म्हणालो. मला राहवलं नाही.

तज्ज्ञांनी मलाही बसवलं. मी श्वास रोखून पाहिलं. निळा होता. शनिवारी 'आला' म्हणेपर्यंत विझलेला तो निळा आता निवांत बसला होता, काकूंच्या खंड्यासारखा, उडण्याची काही घाई नसलेला. मला शिंक आली. मी शिंकून परत डोळा लावला. तो तिथेच होता.

तज्ज्ञ उठले. "अध्यक्षमहाराज, यंत्र हलवायचं ते पडून असलं तर. इथे ते कामात आहे, आणि वीज नसतानाही आहे. मी तसंच कळवणार."

बाहेरच्या गर्दीत कुजबुज झाली. अध्यक्षांनी शाल सारखी केली आणि भरल्या आवाजात म्हणाले, "ग्रामीण भागात विज्ञान रुजावं, हीच आमच्या संस्थेची पहिल्यापासूनची भूमिका आहे." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, मनापासून. ज्या भाषणाने निळ्याची अशी परीक्षा घेतली, त्याचं ऋण कुठेतरी फेडायला हवंच होतं.

अरू ठोकळा परत तुसात पुरत होती. आता त्याची काही गरज नव्हती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "मामा, काकूंचं नाव आता घालावंच लागणार." आणि मग, आईला बोलवायला नको म्हणणारी ती मुलगी, तुसाच्या पेटीवर वाकून चांगलीच रडली. मी नुसता बसलो. त्यासाठीच आलो होतो.

आवारात दिनेश टेम्पोपाशी हताश उभा होता. "आता रिकामा जाऊ का मी? गादीपन टाकली."

मी माझी बॅग दाखवली. "कल्याण स्टेशनला सोडाल?"

"चला ना! बसा पुढं." पण पुढची जागा भरलेली होती. अध्यक्षांच्या गाडीत न मावलेले पुष्पगुच्छ, शाली आणि नारळ तिथे आधीच बसले होते. शिक्षणसंस्थेचा क्रम असा की सत्कार पुढे. मी मागे चढलो. ताडपत्रीच्या सावलीत, दिनेशच्या लग्नाच्या गादीवर, काकूंनी सकाळीच दिलेली पेंढ्यातली आंब्यांची पिशवी मांडीवर घेऊन. दिनेशने दोरखंड माझ्यासमोर आडवा बांधला आणि खेचून पाहिला.

"नाजूक सामान हाय का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "नाजूक सामान इथेच राहिलंय."

मुरबाड मागे पडलं. रायत्याच्या पुलावर टेम्पो हळू झाला तेव्हा तारेवर एक खंड्या बसलेला दिसला. मी पाय लांब केले. आयुष्यात कुणाची जागा इतक्या आनंदाने मी अडवलेली नाही.